हुकूम वेळेवर पोचला पाहिजे : दूरच्या फ्लॅशला चेतवण्याचा इतिहास

१/
२ ऑगस्ट १९५६. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील आयेगर हे लहानसे गाव. रात्रीची वेळ. उघड्या मैदानावरील चित्रपटगृहात मोटारींच्या रांगा लागल्या आहेत, पडद्यावर विमान दिसते आहे आणि पलीकडून वाफेचे इंजिन धूर सोडत मालगाडी ओढत चालले आहे. ओ. विन्स्टन लिंक याने टिपलेले हे छायाचित्र ‘हॉटशॉट ईस्टबाउंड’ या नावाने जगभर ओळखले जाते. गाडी, धूर आणि मोटारी त्या काळोखात एकाच वेळी उजळाव्यात म्हणून त्याने चाळीसहून अधिक फ्लॅशबल्ब एकाच क्षणी पेटवले होते.

२/
लिंक आपले बल्ब एकामागून एक असे तारेने गुंफत असे. दिवाळीतील जुन्या विजेच्या माळेत एक दिवा गेला की सारी माळ विझते, तसाच हा प्रकार. एखादा बल्ब सदोष निघाला किंवा एक टोक निसटले, तर संपूर्ण मांडणी अंधारातच राहावयाची. धावती गाडी पुढे निघून गेली की तो क्षणही गेला. लिंक फ्लॅश शेतात, छपरावर, रुळांच्या पलीकडे कोठेही ठेवू शकत होता. खरी चिंता एकच : कॅमेऱ्याचा हुकूम त्या सर्वांपर्यंत नेमक्या क्षणी पोचेल का?

३/
मित्रहो, आजचा धागा याच हुकुमाचा इतिहास सांगणारा आहे. दुकानात किंवा संकेतस्थळावर ‘वायरलेस फ्लॅश ट्रिगर’ शोधू लागलो की डझनभर पेट्या समोर येतात आणि त्यांवर टीटीएल, एचएसएस, एस-१, एस-२, २.४ गिगाहर्ट्झ अशी अक्षरे असतात. यांतील प्रत्येक अक्षरसमूह म्हणजे इतिहासातील एखाद्या अडचणीवर निघालेला तोडगा आहे. ती अडचण समजली की उपकरण निवडणे सोपे होते. संपूर्ण वाटचालीत तीन प्रश्न लक्षात ठेवावेत : हुकूम कोणत्या वाटेने जातो? पोचायला किती वेळ घेतो? आणि तो किती सांगू शकतो?

४/
मुळात फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर का न्यावा? इतिहासप्रेमींना याचे उत्तर एखाद्या झिजलेल्या शिलालेखासमोर उभे राहिल्यावर तत्काळ मिळते. कॅमेऱ्यावरच बसवलेला फ्लॅश दगडावर समोरून प्रकाश टाकतो. अक्षरांच्या खाचांत सावली पडतच नाही आणि लेख सपाट, वाचता न येण्याजोगा होतो. तोच फ्लॅश दगडाच्या कडेला, जवळजवळ पृष्ठभागाला घासून जाईल अशा कोनात धरला, तर प्रत्येक खाच सावलीने भरते आणि डोळ्यांना न दिसलेली अक्षरे छायाचित्रात उभी राहतात. वीरगळ, सतीशिळा, ताम्रपट, नाणी या सर्वांना हाच नियम लागू पडतो.

५/
आता मागे जाऊ. १८६१ च्या सुमारास पॅरिसमधील नादार या छायाचित्रकाराने शहराखालील अस्थिभुयारांत विजेच्या कमानदिव्याच्या प्रकाशात छायाचित्रे घेतली. त्यासाठी बॅटऱ्यांची मोठी रास लागली. एकेका छायाचित्राला सुमारे अठरा मिनिटे लागत. इतका वेळ माणूस स्तब्ध उभा राहू शकत नाही, म्हणून काही दृश्यांत त्याने मजुरांच्या जागी पुतळे उभे केले. या काळात ‘योग्य क्षण’ असा प्रश्नच नव्हता. दिवा अखंड जळत होता आणि कॅमेराही बराच वेळ उघडा होता. हुकुमाची गरज प्रकाश क्षणिक झाल्यावरच निर्माण झाली.

६/
प्रकाश क्षणिक झाला तो मॅग्नेशियममुळे. १८६५ मध्ये चार्ल्स पियाझी स्मिथ याने इजिप्तच्या महापिरॅमिडच्या आत मॅग्नेशियम जाळून छायाचित्रे घेतली. पुढे १८८७ मध्ये जर्मनीत आडोल्फ मीथे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या पुडीत पोटॅशियम क्लोरेट व अँटिमनी सल्फाइड मिसळून झटकन पेट घेणारी भुकटी तयार केली. न्यूयॉर्कच्या दरिद्री वस्त्यांतील अंधाऱ्या खोल्या जेकब रीस याने याच प्रकारच्या प्रकाशात जगासमोर आणल्या. त्याचे पुस्तक १८९० मध्ये आले आणि शहराच्या सुधारणेच्या चळवळीला त्याने बळ दिले.

७/
पण या भुकटीला हुकूम कसा दिला जाई? भिंगावरील झाकण काढायचे, भुकटी पेटवायची, झाकण पुन्हा लावायचे. मेळ साधणारे यंत्र म्हणजे छायाचित्रकाराचा हात. काळोखात हे जमून जाई, कारण झाकण उघडे असले तरी भुकटी पेटेपर्यंत काचेवर काही उमटत नसे. धोका मात्र मोठा होता. रीसच्या हातून स्वतःच आगी लागल्या होत्या आणि त्याने त्याची प्रांजळ नोंद ठेवली आहे. भुकटीच्या स्फोटांत अनेक छायाचित्रकार भाजले, काहींचे प्राणही गेले.

८/
जंगलात तर छायाचित्रकाराने जवळ थांबणेच अशक्य होते. अमेरिकेत जॉर्ज शिरास याने रात्री हरणांच्या वाटेवर दोरी ताणून ठेवली. प्राण्याचा धक्का लागताच फ्लॅश आणि कॅमेरा दोन्ही चालत. जुलै १९०६ च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’मध्ये त्याची ७४ छायाचित्रे छापली गेली. भारतात संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन यांनी १९२० च्या दशकात हीच युक्ती वाघांसाठी वापरली. त्यांचे ‘विथ अ कॅमेरा इन टायगरलँड’ हे पुस्तक १९२७ चे. वाघ स्वतःच तारेला धक्का देई आणि स्वतःचे छायाचित्र काढून घेई. आज व्याघ्रगणनेत वापरले जाणारे कॅमेरा ट्रॅप या परंपरेतील आहेत.

९/
येथे एक विलक्षण योगायोग सांगावयास हवा. भुकटीच्या फ्लॅशचे युग भरात असतानाच, १८९५ च्या सुमारास, कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी जाहीर प्रयोग केला. त्यांनी तारेविना, केवळ विद्युतचुंबकीय लहरींच्या साहाय्याने, दूरची घंटा वाजवली आणि दूर ठेवलेली बंदुकीची दारू पेटवून दाखवली. दुरून, तारेवाचून स्फोटक पेटवणे ही छायाचित्रकारांचीच गरज होती. पण दोन्ही गोष्टी एकत्र येऊन प्रत्येकाच्या खिशाला परवडण्याजोग्या होण्यास शतकाहून अधिक काळ जावा लागला.

१०/
मधला टप्पा काचेच्या बल्बचा. १९२५ मध्ये पॉल फियरकोटर याने काचेच्या गोळ्यात पेट घेणाऱ्या फ्लॅशची कल्पना मांडली आणि १९२९ मध्ये योहानेस ओस्टरमायर याचा ‘व्हाकुब्लिट्झ’ बाजारात आला. प्राणवायूने भरलेल्या गोळ्यात धातूचा पातळ वर्ख असे. विजेचा लहानसा प्रवाह गेला की तो भडकून उठे. धूर नाही, आग पसरण्याचे भय फारसे नाही. मुख्य बदल असा की हुकूम आता विजेचा झाला. शटरच्या आत दोन धातूचे संपर्क, तेथून निघालेली तार आणि तारेच्या टोकाला बल्ब. लिंकची माळ याच तत्त्वावर चालत होती.

११/
आता ‘वेळ’ हा दुसरा प्रश्न पुढे आला. बल्बमधील वर्ख पेटून प्रकाश शिखरावर पोचायला सुमारे २० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग लागत असे. शटर त्याआधीच उघडून मिटले तर छायाचित्र काळे. म्हणून शटरने आधी बल्बला हुकूम द्यायचा, थोडे थांबायचे आणि मग उघडायचे, अशी योजना झाली. जुन्या कॅमेऱ्यांवर ‘एम’ आणि ‘एक्स’ ही दोन अक्षरे दिसतात ती यासाठी. ‘एम’ म्हणजे बल्बसाठी थांबणारे शटर. ‘एक्स’ म्हणजे पूर्ण उघडताक्षणी हुकूम देणारे शटर.

१२/
‘एक्स’ची गरज पडली ती इलेक्ट्रॉनिक फ्लॅशमुळे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३१ च्या सुमारास साठवलेली वीज वायूच्या नळीतून एकदम सोडून अत्यल्पकाळ टिकणारा प्रकाश निर्माण केला. दुधाच्या थेंबाचा उसळलेला मुकुट हे त्यांचे छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. हा प्रकाश हुकूम मिळताच पेटतो आणि साधारणतः सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही लवकर संपतो. वाट पाहणे संपले. आता हुकूम क्षणभर उशिरा पोचणे हाच दोष ठरू लागला.

१३/
तो का, हे शटर पाहिल्यावर कळते. आपल्या बहुतेक कॅमेऱ्यांत दोन पडदे असतात. पहिला पडदा सरकून चित्रफलक उघडतो, दुसरा मागोमाग येऊन झाकतो. वेग फार ठेवला तर पहिला टोकाला पोचण्याआधीच दुसरा निघतो आणि संपूर्ण फलक एकाच वेळी उघडा असा क्षण येतच नाही. ज्या सर्वाधिक वेगाला असा क्षण मिळतो त्याला सिंक वेग म्हणतात. जुन्या कॅमेऱ्यांत तो अनेकदा १/६० असे, आजच्या बहुतेकांत १/२०० किंवा १/२५० च्या आसपास आहे. हुकूम उशिरा पोचला की छायाचित्राच्या एका कडेला काळी पट्टी दिसते. ती म्हणजे मध्ये आलेला पडदा.

१४/
तारेचेही दोन वारसे आजवर टिकून आहेत. पहिला ‘पीसी’ जोड. याचा संगणकाशी संबंध नाही. प्रॉन्टर आणि कॉम्पुर या दोन जर्मन शटरांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. दुसरा कॅमेऱ्याच्या माथ्यावरील हॉट शू. १९३८ च्या युनिव्हेक्स मर्क्युरी या कॅमेऱ्यावर तो प्रथम आला. हॉट शूच्या मधल्या एका बिंदूला जोड मिळाला की फ्लॅश उडतो. हा मधला बिंदू बहुतेक कंपन्यांनी समान ठेवला. आजूबाजूचे बिंदू मात्र प्रत्येकीने आपापल्या परीने मांडले. पुढच्या बऱ्याचशा गोंधळाचे मूळ येथे आहे.

१५/
घरातील कपाटात सापडलेला जुना फ्लॅश नव्या कॅमेऱ्यावर चढवण्याचा मोह अनेकांना होतो. सावध राहावे. काही जुन्या फ्लॅशच्या हुकूम घेणाऱ्या टोकांवर २०० व्होल्टहून अधिक दाब असे. यांत्रिक शटरच्या धातूच्या संपर्कांना त्याचे काही वाटत नसे. आजच्या कॅमेऱ्यातील नाजूक मंडल, तसेच लहानसा रेडिओ ट्रिगर, त्याने जळू शकतो. फ्लॅशच्या टोकांमधील दाब जाणकाराकडून मापून घ्यावा, आणि ट्रिगर व कॅमेरा यांच्या पुस्तिकांत दिलेली सहनमर्यादा पाहूनच जोडणी करावी.

१६/
तार घालवण्याचा पहिला व्यवहार्य मार्ग रेडिओचा नव्हता, प्रकाशाचाच होता. दूरच्या फ्लॅशला एक प्रकाशसंवेदक डोळा जोडायचा. कॅमेऱ्याजवळचा लहान फ्लॅश उडाला की त्या डोळ्याला तो दिसतो आणि दुसरा फ्लॅश तत्काळ उडतो. याला ऑप्टिकल स्लेव्ह म्हणतात. स्टुडिओंत तो दीर्घकाळ वापरला गेला आणि आजही अनेक फ्लॅशमध्ये ‘एस-१’ या नावाने असतो. खर्च जवळजवळ शून्य. बंद खोलीत, पांढऱ्या भिंतींच्या सान्निध्यात, तो उत्तम चालतो. भर उन्हात किंवा खांबाआड ठेवल्यावर मात्र हा डोळा आंधळा होतो.

१७/
शिवाय त्याला धनी ओळखता येत नाही. कोणताही फ्लॅश दिसला की तो उडतो. लग्नमंडपात अंतरपाट दूर होताच पाहुण्यांचे फ्लॅश चमकू लागतात, तेव्हा प्रत्येक चमकेला आपला स्लेव्ह उत्तर देत राहतो. नेमके आपण बटण दाबतो त्या वेळी तो पुन्हा वीज साठवण्यात गुंतलेला असतो. हुकूम वेळेवर पोचला, पण तो कोणाचा हे कळले नाही. येथून तिसरा प्रश्न महत्त्वाचा झाला : हुकुमात अधिक माहिती कशी भरायची?

१८/
त्याच काळात कॅमेरे स्वतः प्रकाश मोजू लागले होते. १९७० च्या दशकात ऑलिंपस ओएम-२ या कॅमेऱ्याने भिंगातून आत आलेला फ्लॅशचा प्रकाश मोजून पुरेसा होताच फ्लॅश थांबवण्याची सोय आणली. हीच टीटीएल पद्धत. ती तारेविना साधण्यासाठी मिनोल्टाने १९९० च्या दशकाच्या आरंभी प्रकाशाच्या सांकेतिक चमका वापरल्या. कॅननचा ५५०ईएक्स १९९८ मध्ये आला. निकॉनने २००३ मध्ये एसबी-८०० सोबत आपली पद्धत आणली. आता हुकूम ‘ऊड’ एवढाच राहिला नाही. ‘दुसऱ्या गटाने एवढ्या शक्तीने उडावे’ असे वाक्य पाठवता येऊ लागले.

१९/
या प्रगतीने जुन्या स्लेव्हची फजिती केली. नवे कॅमेरे खऱ्या छायाचित्राच्या क्षणभर आधी मोजणीसाठी एक क्षीण पूर्वचमक सोडतात. साधा स्लेव्ह तिलाच खरा हुकूम समजतो आणि शटर उघडण्याआधीच उडून मोकळा होतो. छायाचित्रात त्याचा प्रकाश दिसतच नाही आणि नवखा छायाचित्रकार फ्लॅश बिघडला असे समजतो. यावरील तोडगा म्हणजे ‘एस-२’ : पहिली चमक सोडून दुसरीला उत्तर देणारा स्लेव्ह. कॅमेऱ्यावरील फ्लॅश मॅन्युअलवर ठेवला तर पूर्वचमक उरत नाही आणि ‘एस-१’ही पुरतो.

२०/
भिंतीआड आणि उन्हात चालेल असा हुकूम रेडिओच देऊ शकत होता. अमेरिकेतील पॉकेटविझार्ड हे नाव व्यावसायिकांत भरवशाचे ठरले. एक पेटी कॅमेऱ्यावर, दुसरी फ्लॅशला जोडलेली. या हुकुमात शब्द एकच असे, ‘ऊड’. पण तो खात्रीने पोचे आणि वाहिनी निवडता येत असल्याने शेजाऱ्याचा हुकूम आपल्याला लागत नसे. त्यांच्या अमेरिकी आवृत्त्या ३४० ते ३५४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालत, युरोपीय आवृत्त्या ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास. एक पेटी अमेरिकेतून आणि दुसरी युरोपातून आणलेली असेल तर दोघींचे कधीच बोलणे होत नाही. जुनी जोडी विकत घेताना हे अवश्य पाहावे.

२१/
२००६ मध्ये अमेरिकन वृत्तछायाचित्रकार डेव्हिड हॉबी यांनी ‘स्ट्रोबिस्ट’ या नावाने लेखन सुरू केले. लहान फ्लॅश, हलका स्टँड, एक छत्री आणि मॅन्युअल शक्ती एवढ्यावर स्टुडिओसारखा प्रकाश करता येतो, हे त्यांनी जगभरातील हौशी मंडळींना शिकवले. त्यामागोमाग स्वस्त रेडिओ ट्रिगरांची लाट आली. काही चांगले होते, काही चार वेळा उडत आणि पाचव्या वेळी मुके राहत. महागडी पेटी आणि स्वस्त पेटी यांतील खरा फरक तेव्हा सर्वांना कळला. हुकूम पोचण्याची खात्री, याचेच ते जास्तीचे पैसे होते.

२२/
२०१२ मध्ये कॅननने ६००ईएक्स-आरटी या फ्लॅशच्या आतच रेडिओ बसवला. निकॉनचा एसबी-५००० हा रेडिओ फ्लॅश २०१६ चा. गोडॉक्ससारख्या चिनी कंपन्यांनी फ्लॅशमध्येच रिसीव्हर असलेली संपूर्ण मालिका कमी किमतीत उपलब्ध केली. हे सारे २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते. लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. हा पट्टा बहुतेक देशांत परवान्याविना वापरता येतो, म्हणून वाय-फाय आणि ब्लूटूथही तेथेच नांदतात. पाणी या लहरी शोषते आणि माणसाचे शरीर बहुतांशी पाण्याचे असते. गच्च भरलेल्या सभागृहात अंतर घटते ते यामुळेच. अशा वेळी फ्लॅश उंच ठेवावा आणि वाहिनी बदलून पाहावी.

२३/
एक गैरसमज दूर करू. तारेतील वीज, प्रकाश आणि रेडिओलहरी यांच्या वेगात छायाचित्रकाराला जाणवेल असा फरक नाही. प्रकाश एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जातो. उशीर होतो तो वाटेत नाही, हुकूम संकेतात बांधण्यात आणि उलगडण्यात. १/२५० सेकंद म्हणजे अवघे ४ मिलिसेकंद. त्यातील अर्धा मिलिसेकंद संकेत वाचण्यात गेला तरी काळी पट्टी डोकावू शकते. म्हणून साध्या रेडिओ ट्रिगरसह कॅमेऱ्याच्या सिंक वेगाहून एक पायरी खाली, १/१६० किंवा १/१२५ वर, काम करणे सुरक्षित.

२४/
‘एचएसएस’ हे याच पडद्यांच्या अडचणीवरचे उत्तर. १९८६ मध्ये ऑलिंपसच्या एफ२८० फ्लॅशने एका मोठ्या चमकेऐवजी अतिजलद लहान चमकांची मालिका सोडली. पडद्यांमधील फट संपूर्ण फलकावरून सरकेपर्यंत प्रकाश टिकून राहतो, त्यामुळे १/१००० सारखे वेगही चालतात. किंमत मोजावी लागते ती शक्तीची. प्रकाश बराच क्षीण होतो. भर उन्हात व्यक्तिचित्रे घेणाऱ्यास एचएसएस उपयोगी आहे. देवळातील गाभाऱ्याबाहेरच्या शिलालेखासाठी त्याची गरज नाही.

२५/
आता निवड. पहिला प्रश्न स्वतःला असा विचारावा : माझा विषय हलतो का? शिलालेख, मूर्ती, नाणे, जुने हस्तलिखित हे सारे स्थिर आहेत. एक चाचणी छायाचित्र घ्यावे, शक्ती कमी-जास्त करावी, पुन्हा घ्यावे. येथे मॅन्युअल फ्लॅश आणि ‘ऊड’ एवढेच सांगणारा साधा रेडिओ ट्रिगर पूर्ण पुरतो. तो हॉट शूचा मधला बिंदू वापरतो, त्यामुळे कॅमेरा बदलला तरी बहुधा चालत राहतो. पालखी, मिरवणूक, लग्न, खेळ यांत अंतर क्षणाक्षणाला बदलते. तेथे टीटीएलचा खर्च सार्थकी लागतो.

२६/
टीटीएल घ्यायचे ठरले तर ट्रान्समीटर आपल्या कॅमेऱ्याच्या कंपनीसाठीचाच हवा, कारण बाजूचे बिंदू वेगळे असतात. एकाच कंपनीतही फरक पडू शकतो : सोनीने २०१२ मध्ये मिनोल्टाकडून आलेला शू सोडून नवा स्वीकारला. ट्रान्समीटर आणि फ्लॅश एकाच रेडिओ कुळातील आहेत ना, हे पाहावे. दोन्हींवर ‘२.४ गिगाहर्ट्झ’ लिहिलेले आहे म्हणून ते एकमेकांशी बोलतीलच असे नाही. लहरी समान असल्या तरी भाषा वेगळी असू शकते. प्रथम कुळ निवडावे, मग त्यातील फ्लॅश एकेक करून घ्यावेत.

२७/
खिसा लहान असेल तर क्रम असा ठेवावा. मॅन्युअल शक्ती असलेला एक फ्लॅश, एक साधा रेडिओ जोड आणि फ्लॅशच्या मापाची एक लांब तार. दुसरा फ्लॅश पुढे घेता आला तर त्याला ‘एस-१’ डोळा असावा, म्हणजे पहिला रेडिओने आणि दुसरा प्रकाशाने चालेल. सेलचा जादा संच जवळ असावाच. दुर्गम ठिकाणी बहुतेक वेळा ट्रिगरचे सेल संपल्यानेच काम अडते. अशा वेळी ती जुनी तारच उपयोगी पडते. तिला ना वाहिनी लागते, ना सेल.

२८/
आणि एक जबाबदारी. अजिंठ्याच्या चित्रयुक्त लेण्यांत फ्लॅश वापरण्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे. रंगचित्रे, कापड, जुने कागद यांवर हवा तसा प्रकाश टाकण्याचा अधिकार कोणालाही नाही. संरक्षित स्मारकांत स्टँड व इतर साहित्य नेण्यापूर्वी परवानगी घ्यावी. उघड्यावरील दगडी लेखांसाठी मात्र तिरपा फ्लॅश हा अत्यंत निरुपद्रवी मार्ग आहे. दगडाला स्पर्श नाही, खडू किंवा रंग भरून अक्षरे ‘स्पष्ट’ करण्याचा अविचार नाही.

२९/
शेवटी पुन्हा लिंककडे. नॉरफोक अँड वेस्टर्न ही अमेरिकेतील वाफेच्या इंजिनांना अखेरपर्यंत धरून राहिलेली मोठी रेल्वे. १९५५ मध्ये लिंकने काम सुरू केले आणि १९६० मध्ये तेथील वाफेचे युग संपले. ‘हॉटशॉट ईस्टबाउंड’मध्ये त्याच्या फ्लॅशच्या झोतात चित्रपटाच्या पडद्यावरील चित्र पार पुसले गेले होते. ते विमान त्याने दुसऱ्या निगेटिव्हमधून छापताना पुन्हा बसवले. गाडी मात्र त्या एका क्षणातलीच होती. त्या रात्री तारेत दोष असता तर ते दृश्य आज आपल्यापाशी नसते.

३०/
आपल्या गावच्या वेशीवर, विहिरीच्या पायऱ्यांवर, देवळाच्या उंबऱ्याशी पडलेले लेख दर पावसाळ्यात थोडे थोडे झिजत आहेत. काहींवर शेंदराचे थर चढत आहेत, काही नव्या बांधकामात गाडले जात आहेत. साधा फ्लॅश, साधा ट्रिगर आणि सूर्यास्तानंतरचा अर्धा तास एवढ्यात त्यांची वाचनीय नोंद होऊ शकते. आपल्या परिसरातील असा एखादा लेख चारही बाजूंनी तिरप्या प्रकाशात टिपा, मोजपट्टी शेजारी ठेवा, स्थळ आणि दिनांक लिहा आणि या धाग्याखाली जोडा. वाचनाचा प्रयत्न आपण सर्व मिळून करू.